सीएच्या परीक्षेत पुन्हा अपयश : मन आणि शरीर कसे सांभाळाल?



पुण्याच्या वस्त्यांतली आपली मुले-मुली आता सीए करू लागली आहेत. दिवसा आर्टिकलशिप, रात्री अभ्यासिका. पण दुसऱ्या-तिसऱ्यांदा नापासाचा निकाल आला की मूल खचते, झोप उडते, घर गप्प होते. अशा वेळी काय करावे?

आधी परीक्षा समजून घ्या

नोव्हेंबर २०२३ च्या सीए फायनलला दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी शंभरात दहा जणही पास झाले नाहीत. म्हणजे नापास होणारे मूल 'ढ' नसते.

बाबासाहेबांनाही १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो सुधारून मागितला. त्यांनी तो पुन्हा लिहून दिला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली.

निकाल रक्ताच्या रिपोर्टसारखा वाचा

रिपोर्टमध्ये काय कमी आहे ते आपण पाहतो, तसे गुण पाहा. प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांपैकी निम्मे लागतात. ५५, ५७ आणि ३८ मिळाले तर बेरीज १५० होते, तरीही विद्यार्थी दोन गुणांनी नापास! तिथे औषध एकाच पेपरला हवे. ग्रुपचे सगळे पेपर देऊन एखाद्यात ६० गुण मिळाले असतील, तर त्या पेपरला पुढच्या तीन प्रयत्नांत सूट मिळते. ठरलेल्या मुदतीत अर्ज करून आपल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवा. चूक कुठे झाली ते डोळ्यांनी दिसले की मनातली भीती कमी होते.

वीणेची तार

सोण नावाच्या भिक्खूने पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना केली आणि तो निराश झाला. तथागतांनी त्याला वीणेची आठवण दिली : तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. अभ्यासाचेही तसेच आहे. वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेत. म्हणून :

- रोज सात तास झोप घ्या. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा.
- झोपण्याआधी तासभर मोबाईल दूर ठेवा.
- सकाळी दहा मिनिटे आनापान आणि अर्धा तास चालणे.
- उपाशीपोटी अभ्यास नको. भाकरी, डाळ, अंडे, शेंगदाणे खा.
- अपयश विसरायला दारू-तंबाखू नको. पंचशील इथेच उपयोगी पडते.

घरच्यांनी काय करावे?

एका खोलीच्या घरात अभ्यास अवघड असतो. टीव्हीची वेळ ठरवा, विहारात बसायला जागा मिळते का पाहा. "अमक्याचा पोरगा कमवायला लागला" हे बोलणे टाळा. शेजारी विचारतील, त्यांना आईवडिलांनीच उत्तर द्यावे. घर चालवायला पैसा हवा असेल, तर आणखी किती प्रयत्न करायचे हे मुलाला बरोबर घेऊन आधीच ठरवा. टॅली, जीएसटीचे काम शिकलेल्याला नोकरी करूनही परीक्षा देता येते. आणि कुणी विचार करून हा मार्ग सोडला, तर तोही कमीपणा नव्हे. शिकलेला हिशेब वाया जात नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन आठवडे झोप-भूक गेली, मूल कुणाशी बोलेना, सारखे रडू येते, तर वाट पाहू नका. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत, मराठीत बोलता येते. "मी नसलेलेच बरे" असे मूल बोलले, तर ते मनावर घ्या. त्याला एकटे सोडू नका, ओरडू नका, जवळ बसून ऐका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

परीक्षा वर्षातून अनेकदा येते; आपले मूल एकच आहे.