दिवे लागतात, मग गाडी का सुरू होत नाही?

सकाळची घाईची वेळ. एरवी किल्ली फिरवली की इंजिन घरघरत जागे होते; आज मात्र बॉनेटखालून नुसताच ‘कट्’ असा आवाज येतो. पुन्हा किल्ली फिरवावी, पुन्हा ‘कट्’. हेडलाइट लावून पाहावेत, तर ते लख्ख लागतात. हॉर्नही खणखणीत वाजतो. बॅटरी चांगली आहे म्हणावे तर सेल्फ फिरत नाही, आणि बॅटरी बिघडली म्हणावे तर दिवे कसे लागतात?

मोटार बाळगणाऱ्या बहुतेकांवर हा प्रसंग केव्हा ना केव्हा येतो. पुष्कळदा त्याचा शेवट नवी बॅटरी विकत घेण्यात होतो, आणि ती बसवताच गाडी सुरू झाल्यामुळे जुनी खराबच होती अशी सर्वांची खात्री पटते. पण नवी बॅटरी बसवताना मिस्त्रीने आणखीही एक गोष्ट केलेली असते. त्याने तारांचे क्लॅम्प सोडवून, घासून पुन्हा आवळलेले असतात. गाडी सुरू झाली ती बॅटरीमुळे की घासण्यामुळे? विद्यार्थी मित्रांनो, शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाने या प्रश्नाचा चांगला उलगडा होतो.

प्रथम बॅटरीची थोडी ओळख करून घेऊ. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी फ्रान्समधील गॅस्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. तिच्यात बरीच सुधारणा झाली असली, तरी मूळ रसायनशास्त्र आजही तेच आहे. एका पट्टीवर स्पंजासारखे शिसे, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड आणि दोन्हींच्या मध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल. बॅटरीतून वीज घेतली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते आणि आम्लाचे पाणी होत जाते. गाडी चालू असताना अल्टरनेटर उलट दिशेने वीज देतो व ही क्रिया मागे फिरवतो. अशा एका घटाचा विद्युतदाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. सहा घट एकापुढे एक जोडले की १२.६ व्होल्ट मिळतात. तिलाच आपण ‘बारा व्होल्टची बॅटरी’ म्हणतो.

सुरुवातीच्या मोटारींना सेल्फ नव्हता. पुढून हँडल घालून इंजिन हातानेच फिरवावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडत असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत तो प्रथम बसवला गेला. मनगटे वाचली, पण इंजिन फिरवण्याचे अवजड काम बॅटरीच्या गळ्यात पडले.

हे काम किती अवजड आहे ते पाहा. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण १२० वॅट शक्ती घेतात, म्हणजे १० ॲम्पिअर विद्युतप्रवाह. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ मात्र १५० ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह घेतो, म्हणजे पंधरापट! मग एकदा सेल्फ मारला की बॅटरी बरीच रिकामी होत असेल, असे तुम्हांला वाटेल. गणित करू. १५० ॲम्पिअर प्रवाह ३ सेकंद वाहिला, तर ४५० कूलोम विद्युतभार खर्च झाला. लहान गाडीतील बॅटरीची क्षमता ३५ ॲम्पिअर-तास, म्हणजे १,२६,००० कूलोम असते. याचा अर्थ, एकदा गाडी सुरू करताना भरलेल्या बॅटरीचा फक्त २८०वा भाग खर्च होतो. उलट छताचा ५ वॅटचा दिवा पाहा. तो जेमतेम ०.४ ॲम्पिअर घेतो. पण शुक्रवारी संध्याकाळी एखादे दार नीट लागले नाही आणि तो दिवा सोमवार सकाळपर्यंत जळत राहिला, तर सुमारे २५ ॲम्पिअर-तास संपतात. (अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत तो काही वेळाने आपोआप विझतो, हे बरेच झाले.) म्हणजे बॅटरी रिकामी होते ती बहुधा अशा लहानशा पण लांबलेल्या खर्चाने. सेल्फची गरज वेगळी आहे. त्याला साठा थोडाच लागतो, पण तो एकदम, मोठ्या प्रवाहाच्या रूपात मिळावा लागतो.

येथेच रोधाचा प्रश्न येतो. टॉर्चचे जुने झालेले सेल तुम्ही कधी भिंतीवरच्या घड्याळात घालून पाहिले आहेत का? टॉर्च मिणमिणतो म्हणून काढलेल्या त्याच सेलवर घड्याळ पुढे कित्येक आठवडे चालते. सेल जुना झाला की त्याच्या आतला रोध वाढतो. घड्याळाला अत्यल्प प्रवाह लागतो, त्यामुळे या रोधात वाया जाणारा विद्युतदाबही नगण्य असतो. टॉर्चचा बल्ब जास्त प्रवाह मागतो आणि विद्युतदाबाचा मोठा वाटा सेलच्या आतच संपतो. मोटारीत हेडलाइट म्हणजे घड्याळ आणि सेल्फ म्हणजे टॉर्च, असे समजा.

आता आकडे घालून पाहू. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम व सेल्फचा ०.०७ ओहम धरू. (सेल्फ ही मोटर असल्यामुळे तिचे वागणे साध्या रोधासारखे नसते, पण आपल्या कामापुरते तसे मानायला हरकत नाही.) एकूण रोध ०.०८ ओहम. १२.६ भागिले ०.०८ म्हणजे सुमारे १५७ ॲम्पिअर. सेल्फच्या वाट्याला ११ व्होल्ट येतात. गाडी झटकन सुरू होईल.

समजा, बॅटरीच्या खुंटीवर क्लॅम्पखाली मळ साचला आणि तेथे ०.०४ ओहम रोध निर्माण झाला. इतका रोध शाळेतल्या साध्या मीटरवर दिसणारसुद्धा नाही. पण एकूण रोध आता ०.१२ ओहम झाला. प्रवाह उतरला १०५ ॲम्पिअरवर आणि सेल्फला मिळाले ७.३५ व्होल्ट. त्याची शक्ती निम्म्याहून कमी झाली. मात्र त्याच क्लॅम्पमधून हेडलाइटचे १० ॲम्पिअर जातात, तेव्हा फक्त ०.४ व्होल्ट वाया जातात. दिवे लख्ख दिसणारच!

आता दुसरी शक्यता घ्या. क्लॅम्प स्वच्छ आहे, पण बॅटरी म्हातारी होऊन तिचा अंतर्गत रोध ०.०५ ओहम झाला आहे. एकूण रोध पुन्हा ०.१२ ओहम. प्रवाह तोच, सेल्फला मिळणारे व्होल्ट तेच, सेल्फ मारताना दिवे मंद होतात तेही तितकेच. चालकाच्या जागेवर बसून या दोन दोषांतला फरक कोणालाही सांगता येणार नाही. एक दोष चिमूटभर खाण्याच्या सोड्याने जातो, तर दुसऱ्याला नवी बॅटरीच लागते.

फरक कळतो तो मल्टिमीटरने. मीटरची टोके बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच टेकवा, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पहिल्या उदाहरणात मीटर सुमारे ११.५ व्होल्ट दाखवील, दुसऱ्यात ७.३५. सेल्फ मारताना खुंट्यांवरचा दाब साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी दुबळी किंवा उतरलेली आहे असे मानतात. मग एक टोक खुंटीवर आणि दुसरे त्याच खुंटीवरच्या क्लॅम्पवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. शिसे आणि क्लॅम्प एकमेकांना चिकटून असल्याने येथे जवळजवळ शून्य दिसायला हवे. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला, की चोर सापडला. याच रीतीने ऋण खुंटी आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यामधला दाब तपासावा, म्हणजे ‘अर्थ’ची तारही पारखली जाते. मीटर नसला तरी एक खूण आहे. वाया जाणाऱ्या विजेची उष्णता होते. वरच्या उदाहरणात मळक्या क्लॅम्पमध्ये १०५ × १०५ × ०.०४, म्हणजे ४४१ वॅट उष्णता तयार होते. सेल्फ दोन-तीनदा मारल्यावर क्लॅम्प गरम लागला, तर संशय घ्यायला जागा आहे.

‘कट्-कट्-कट्’ असा भराभर येणारा आवाजही यातूनच निघतो. सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड नावाचा विद्युतचुंबक असतो. थोड्याशा प्रवाहाने तो आत ओढला जातो व सेल्फचे मोठे मंडल जोडतो. जोडताक्षणी दाब कोसळतो, चुंबक दुबळा होऊन सुटतो, मंडल तुटते, दाब पुन्हा वर येतो, चुंबक पुन्हा ओढला जातो. घरातली जुनी विद्युतघंटाही अशीच वाजते. याउलट किल्ली फिरवूनही काहीच आवाज आला नाही आणि दिवे जराही मंद झाले नाहीत, तर सेल्फकडे प्रवाह निघालेलाच नाही. मग दोष किल्लीच्या स्विचमध्ये किंवा सोलेनॉइडकडे जाणाऱ्या बारीक तारेत शोधावा.

खुंटीवर साचणारा मळ हा काही साधा धुरळा नव्हे. फटीतून निसटणारे आम्लाचे सूक्ष्म कण धातूवर बसतात. शिशावर पांढरे लेड सल्फेट तयार होते. ते वीज जवळजवळ वाहूच देत नाही. क्लॅम्प पितळी असेल किंवा तार तांब्याची असेल, तर निळसर पूड दिसते. ती म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतले मोरचूद! पूड फुंकू नये आणि बोट लावू नये, कारण शिशाची संयुगे विषारी असतात. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, हातमोजे व चष्मा घालून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्या भागावर टाकावा. फसफस होते, ती आम्लाचे उदासीनीकरण होऊन निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची. हे पाणी बॅटरीच्या झाकणातून आत मात्र जाऊ देऊ नये, नाहीतर कामाचे आम्लच उदासीन होईल. नंतर खुंटी तारेच्या ब्रशने चकचकीत करून क्लॅम्प आवळावा आणि वरून व्हॅसलीन फासावे.

क्लॅम्प सोडवताना ऋण आधी व धन नंतर, जोडताना धन आधी व ऋण शेवटी, असे मिस्त्री लोक सांगतात. हा नुसता शिरस्ता नाही. गाडीचा सारा सांगाडा ऋण खुंटीला जोडलेला असतो. धन क्लॅम्प सोडवताना पाना चुकून सांगाड्याला टेकला, तर शेकडो ॲम्पिअर प्रवाह पान्यातून धावतो आणि तो लालबुंद होऊ शकतो. ऋण तार आधीच सुटलेली असेल, तर मंडलच पुरे होत नाही. हातातली अंगठीही याच कारणासाठी काढून ठेवावी.

बॅटरीचा खरा वैरी थंडी की ऊन? थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात, इंजिनातले तेल घट्ट होते, त्यामुळे गाडी अडते ती हिवाळ्यात. पण बॅटरीची झीज होते ती उन्हाळ्यात. उष्णतेने आतल्या जाळ्या लवकर गंजतात आणि पाणी उडते. विदर्भातल्या मे महिन्यात झालेले नुकसान डिसेंबरच्या पहाटे उघडकीस येते. झाकणे असलेल्या बॅटरीत अशा वेळी ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. उडते ते पाणी, आम्ल आतच राहते. म्हणून वरून आम्ल घालू नये. नळाच्या पाण्यातले क्षार पट्ट्यांना बाधतात. सीलबंद बॅटरीत ही भानगड नाही; पण क्लॅम्पचा मळ तिलाही चुकत नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेताना घरातल्या वायरचे तुकडे वापरण्याचा मोह काहींना होतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०११५ ओहम असतो. जाऊन-येऊन ६ मीटर तार लागली, तर ०.०७ ओहम झाला, म्हणजे खुद्द सेल्फइतका! तार तापून तिचे आवरण वितळेल आणि गाडी सुरू होणार नाही ती नाहीच. म्हणूनच जंपर केबल मनगटी जाड असते असे नाही, पण बोटाएवढी तरी असते. लाल केबल दोन्ही धन खुंट्यांना जोडावी, काळी चांगल्या बॅटरीच्या ऋण खुंटीला. काळीचे शेवटचे टोक मात्र उतरलेल्या बॅटरीला न जोडता, तिच्यापासून दूर, त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. शेवटच्या जोडणीत ठिणगी पडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. हवेत तो ४ टक्के जरी मिसळला, तरी पेट घेऊ शकतो. बॅटरी फुटली की आम्ल थेट तोंडावर उडते.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. मोठे ट्रक व बस यांत दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट घेतात. सेल्फची शक्ती तेवढीच ठेवली, तर १२ व्होल्टच्या मानाने प्रवाह किती लागेल, आणि ०.०४ ओहम रोधाच्या मळक्या क्लॅम्पमध्ये वाया जाणारी शक्ती कितीने घटेल?