आम्ल कमी करणारी औषधे : किती दिवस व कशासाठी?

आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या रुग्णांच्या पिशवीत एक गोळी हमखास सापडते. कोणी तिला 'पित्ताची' म्हणतात, कोणी 'गॅसची'. ती कोणी दिली व कोठवर घ्यावयाची, असे विचारले तर उत्तर बहुधा मिळत नाही. गोळी मात्र वर्षानुवर्षे चालू असते. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल ही तिची नेहमीची नावे. औषध गुणकारी आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. म्हणूनच त्याविषयी येथे लिहीत आहोत.

आमच्या आधीच्या पिढीतील शल्यचिकित्सकांना अल्सरसाठी जठराचा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया नित्याची होती. १९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडीन हे औषध आले आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ओमेप्राझोल. अशा शस्त्रक्रिया त्यानंतर दुर्मीळ झाल्या. तरीही औषध थांबविताच अनेकांचा व्रण पुन्हा उमटे. त्याचे कारण ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे सापडले. रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढविला. १९८४ साली मार्शल यांनी तो स्वतः प्राशन केला व जठराचा दाह ओढवून घेतला. (असा प्रयोग आज कोणतीही समिती मान्य करणार नाही!) २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जिवाणू आढळल्यास आम्ल कमी करणाऱ्या गोळीबरोबर प्रतिजैविकेही, बहुधा चौदा दिवस, न चुकता घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून पाचव्या दिवशी ती सोडणारे रुग्ण आम्ही पाहतो, तेव्हा मन खट्टू होते.

अल्सरचे दुसरे मोठे कारण घरोघरी आहे : वेदनाशामक गोळ्या. गुडघेदुखीसाठी अशा गोळ्या रोज घेणाऱ्या एका आजींना चक्कर आली म्हणून मुलाने आमच्याकडे आणले. शौचास काळे होत होते. ते लोहाच्या गोळ्यांमुळे, असा घरच्यांचा समज. "पोट तर कधी दुखलेच नाही," असे मुलगा पुनःपुन्हा सांगत होता. वेदनाशामकानेच ती वेदना झाकली असावी. रक्त द्यावे लागले. दुर्बिणीतून पाहता जठरात रक्तस्राव झालेला व्रण दिसला. पित्ताची गोळी आजींकडे होती, पण त्या ती जळजळ झाली तरच आणि जेवणानंतर घेत.

येथे या गोळीचे कार्य समजून घ्यावयास हवे. जठरात आधीच असलेल्या आम्लावर ती काही करीत नाही. जठराच्या पेशींतील आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप ती बंद करते. हे पंप जेवणाने जागे होतात. म्हणून गोळी सकाळी अनशापोटी, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी व न चावता गिळावी.

आम्ल घशाशी येण्याच्या विकारातही ही गोळी उपयोगी पडते. तिने जळजळ थांबते, अन्ननलिकेची जखम भरते. मात्र अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली सैल झडप काही घट्ट होत नाही. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास उरकणे, पलंगाची उशाकडील बाजू उंच करणे आणि वाढलेले वजन उतरविणे हे उपाय रुग्णालाच करावे लागतात. आठ आठवड्यांनी बहुतेकांची मात्रा कमी करून पाहता येते. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम थांबविल्यास काही दिवस आम्ल अधिकच उसळते. त्याला घाबरून पुन्हा कायमची सुरू करू नये, टप्प्याटप्प्याने सोडावी. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ व मॅग्नेशियम कमी होऊ शकते. शाकाहारी घरांत बी-१२ मुळातच बेताचे असते. उलट, रक्तस्राव होऊन गेलेल्या आणि हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णांनी ही गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच बंद करू नये.

काळे शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, विनाकारण वजन घटणे यांपैकी काही दिसल्यास दुकानातून गोळी न आणता तपासणीस यावे. छातीतील जळजळीबरोबर घाम फुटला वा दुखणे हाताकडे, जबड्याकडे गेले, तर ते पित्त समजून पहाटेची वाट पाहू नये. तातडीने रुग्णालय गाठून ईसीजी काढून घ्यावा.