जुने गोवे : दहा वर्षांनी पुन्हा वाचलेली राजधानी

"तू ख्रिश्चन ना? मग मराठी कशी काय घेतलीस?" प्रथम वर्षाला असताना एका वर्गमित्राने सहज विचारलं होतं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. माझं आडनाव पोर्तुगीज वळणाचं, घरातली प्रार्थना कोंकणीत, शिक्षण मराठीत आणि बेळगावच्या बाजारात कन्नडही चालते. "शाळेपासून शिकले म्हणून," असं मी म्हणाले, पण ते उत्तर माझं मलाच अपुरं वाटलं. पुढे त्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर आई-वडिलांबरोबरच्या एका सहलीत मिळालं. त्या सहलीच्या निमित्ताने ही एक छोटी अभ्यासनोंद.

पहिली फेरी, दुसरी फेरी

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचं दर्शन जुने गोवे इथे दर दहा वर्षांनी घडतं. २०१४ च्या डिसेंबरात आम्ही तिघं चोर्ला घाट उतरून गेलो, तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्या दिवसातलं मला तीनच गोष्टी आठवतात : लांब रांग, कडक ऊन आणि परतताना घेतलेलं आल्याचं खाजं.

२०२४ च्या डिसेंबरात तेच तिघं त्याच घाटाने गेलो. रांग तशीच होती. या वेळी मात्र दर्शनानंतर मी मम्मी-पप्पांना म्हटलं, "दोन तास द्या. शहर बघू." पप्पा हसले, "शहर कुठाय? चर्च आणि झाडं."

पप्पांचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं. जुने गोवे म्हणजे राजधानी निघून गेल्यावर मागे राहिलेली जागा. पोर्तुगीजांच्या आधी मांडवीकाठचं हे बंदर विजापूरच्या आदिलशाहीकडे होतं. १५१० मध्ये अल्बुकर्कने ते जिंकलं आणि १५३० मध्ये पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी कोचीहून इथे आली. पुढे साथीच्या रोगांनी शहर पोखरलं. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. १८३५ च्या सुमारास धर्मसंघांचे मठ बंद पडले आणि त्यांच्या इमारतींना कोणी वाली उरला नाही. संत ऑगस्टिन चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं. आज त्याचा सुमारे ४६ मीटर उंचीचा जांभ्याचा एकच मनोरा उभा आहे. से कॅथेड्रलचाही एक मनोरा १७७६ मध्ये पडला, म्हणून त्याचा दर्शनी भाग एकीकडे झुकल्यासारखा वाटतो.

संत कॅजेतान चर्चसमोर दगडी चौकटीचा एक दरवाजा एकटाच उभा आहे. आदिलशाही वाड्याचं एवढंच शिल्लक आहे. त्याच वाड्यात पुढे व्हाइसरॉय राहत. म्हणजे राज्य बदललं, तरी उंबरठा तोच राहिला.

कमानीवरची बाई

तिथून नदीकडे जाताना व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना त्याने ती पणजोबांच्या स्मरणार्थ बांधली. लिस्बनहून येणारा प्रत्येक नवा व्हाइसरॉय इथूनच शहरात शिरे. नदीच्या बाजूला वास्कोचा पुतळा आहे, शहराच्या बाजूला एका युरोपीय स्त्रीचा.

लहानपणी मी या बाईसमोर फोटो काढला होता. तो अजून आमच्या अल्बममध्ये आहे. या वेळी पहिल्यांदाच मला तिच्या पायाखालचा माणूस दिसला. तो इथलाच, पौर्वात्य वेशातला, पालथा पडलेला. मी पप्पांना दाखवलं. ते थोडा वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "गेल्या वेळी तुला खांद्यावर घेऊन इथंच उभा होतो. मला कसा दिसला नाही हा?"

मला वाटतं, आपल्याला तो दिसत नाही याचं कारण आपण इथे भक्त म्हणून येतो, आणि भक्ताची नजर वेदीकडे असते. पण याच शहरात १५६० मध्ये धर्मन्यायालय सुरू झालं, आसपासच्या बेटांवरची देवळं पाडली गेली, जुन्या पोथ्या जाळल्या गेल्या. इथे येणाऱ्या कॅथलिक वाचकाला संताची पेटी आणि पायाखालचा माणूस, दोन्ही एकाच दिवशी बघावे लागतात.

भिंतीआडचा छापखाना

आता मूळ मुद्दा. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये याच शहरात, संत पॉल कॉलेजात सुरू झाला. तो खरं तर अॅबिसिनियाला जायचा होता, पण गोव्यातच राहिला. त्या कॉलेजची आता दर्शनी कमान तेवढी उरली आहे.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांच्या पुराणांची सवय होती. ती गेली, आणि त्या जागी वाचायला-ऐकायला काही नव्हतं. ती पोकळी फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओळखली. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने साष्टीत अनेक वर्षं काढली आणि बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगितली. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. आपली लिपी छापायची त्यांची इच्छा होती. १६०८ च्या एका पत्रात त्यांनी त्यासाठी परवानगीही मागितली. पण जोडाक्षरांसकट सुमारे ६०० साचे लागले असते, रोमन लिपीचं काम चोवीसांत भागत होतं. म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या.

बॉम जेझू बासिलिकेला लागून जेझुइटांचं निवासस्थान, कासा प्रोफेसा, आहे. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्र्वा यांचं संत पीटरवरचं मराठी ओवीबद्ध पुराण १६२९ मध्ये तिथे छापलं गेलं. त्या ग्रंथात हिंदू कथांवर कडवट टीकाही आहे आणि ती वाचताना मला अवघडायला होतं. तरी ज्या भिंतीला टेकून आम्ही २०१४ मध्ये पाणी प्यायलो होतो, तिच्यामागे एकेकाळी मराठी छापली जात होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे वारं फिरलं. १६८४ च्या फर्मानाने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम निघाला. ज्या सत्तेच्या छायेत ओव्या छापल्या गेल्या, तीच सत्ता आता ती जीभ बंद करायला निघाली.

पप्पांचा प्रश्न, मम्मीचं उत्तर

हे सगळं मी त्या भिंतीपाशी उभं राहून सांगितलं. मी बी.कॉम. करावं अशी पप्पांची इच्छा होती, त्यामुळे ते मराठीवर फारसं बोलत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मग इथं बोर्ड का नाही लावला?"

मला उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात मम्मी म्हणाली, "ओव्या म्हणजे आमच्या वोव्यो? लग्नात रोसाच्या वेळी म्हाताऱ्या बायका म्हणायच्या त्या?"

वर्गात ओवीची लक्षणं मी तीनदा तरी लिहिली असतील, पण हा धागा मला जोडता आला नव्हता. १७३६ मध्ये धर्मन्यायालयाने लग्नातल्या अशा गाण्यांवर बंदी घातली होती. फर्मान काढणारे गेले, राजधानीही गेली, आणि ओवी मात्र बायकांच्या गळ्यात, कोंकणी रूपात, रोसाच्या रात्री टिकून राहिली. परतीच्या वाटेवर, घाट चढताना, मम्मीने दोन ओळी गुणगुणून दाखवल्या. तिसरी तिला आठवेना. पप्पा म्हणाले, "तुझ्या मावशीला विचारू. तिला येत असेल."

वर्गमित्राला मी आता काय सांगेन? मराठी ही माझी एकटीची नाही आणि मी तिला परकीही नाही. चारशे वर्षांपूर्वी आमच्या प्रार्थनेने तिचा हात धरला होता. मध्ये तो सुटला. तो पुन्हा धरायला मी हा विषय घेतला.

जाणाऱ्यांसाठी

आपल्या मंडळातले कुणी जुने गोवे इथे जाणार असतील, तर दर्शनानंतर चार थांबे नक्की घ्या : आदिलशाही दरवाजा, व्हाइसरॉयची कमान (शहराच्या बाजूने), संत पॉल कॉलेजची कमान आणि कासा प्रोफेसाची भिंत. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा : इथे कोण दिसतं आणि कोण दिसत नाही? आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत न्या. पुस्तकात नसलेली ओळ त्यांच्यापैकी कुणाला तरी आठवेल.