फवारणी पंपाचे टू-स्ट्रोक इंजिन : सुरू न होण्याची कारणे व पुनर्जोडणी

जालना जिल्ह्यात कपाशी, सोयाबीन, मोसंबी व द्राक्षे ही फवारणीवर अवलंबून असणारी पिके आहेत. या पिकांत फवारणीची वेळ टळली, तर औषध कितीही चांगले असले तरी त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. कपाशीवर तुडतुडे वाढत असावेत, दोन पावसांच्या मध्ये दोनच दिवसांची उघडीप मिळावी आणि नेमक्या त्याच वेळी पाठीवरच्या पेट्रोल पंपाची दोरी वीस वेळा ओढूनही इंजिन सुरू होऊ नये, ही अडचण अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. अशा वेळी घाईने पंप उघडला जातो आणि पिस्टन किंवा कार्बोरेटर बदलला जातो. पुष्कळदा दोष त्या भागात नसतोच. जेथे असतो तेथेही मूळ कारण कायम राहिल्यास नवा भाग त्याच वाटेने जातो. म्हणून आधी कारण शोधावे व मगच भाग बदलावा, हा या कामातील पहिला नियम होय.

इंजिन चालते कसे?

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा स्फोट होतो. पिस्टन वर जाताना कार्बोरेटरमधून हवा व पेट्रोल यांचे मिश्रण खालच्या क्रँककेसमध्ये ओढले जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या मार्गाने सिलिंडरमध्ये चढते आणि जळालेला धूर बाहेर पडतो. क्रँककेसमध्ये वेगळे ऑइल नसते. बेअरिंग, पिस्टन व सिलिंडर यांना वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या लुनामध्ये ऑइल मिसळलेले पेट्रोल याच कारणाने घालावे लागे. काही नवे पंप फोर-स्ट्रोक असतात व त्यांत ऑइलची जागा स्वतंत्र असते. पंप कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रथम पुस्तिकेवरून पाहून घ्यावे.

इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात : योग्य मिश्रण, योग्य वेळी ठिणगी आणि पुरेसा दाब. तिन्ही गोष्टी क्रमाने तपासल्या, तर दोष सापडल्यावाचून राहत नाही.

तपासणीपूर्वी

औषधाची टाकी रिकामी करून धुवावी व पंप पुसून घ्यावा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना विसरता कामा नये. पंपाची नळी किंवा जेट तोंडाने ओढू अथवा फुंकू नये. काम मोकळ्या हवेत करावे आणि जवळ विडी किंवा चूल नसावी.

पहिली पायरी : पेट्रोल

मागील हंगामाचे पेट्रोल टाकीत असल्यास ते काढून टाकावे. पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिले की त्याचा हलका भाग उडून जातो व उरलेला चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा शोषून घेते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी उतरते. म्हणून टाकीतील पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवावे. दोन थर दिसल्यास ते वापरू नये.

ताजे मिश्रण घालून पेट्रोलचा कॉक उघडावा, स्विच चालू स्थितीत करावा, चोक लावून आठ-दहा वेळा दोरी ओढावी आणि प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असल्यास पेट्रोल वर येत नाही. अशा वेळी टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र, टाकीतील जाळी, नळी आणि कार्बोरेटरचे जेट या क्रमाने पाहावे. जेट पेट्रोलने धुऊन हवेच्या पंपाने फुंकावे. त्यात सुई किंवा पोलादी तार घालू नये, कारण छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. प्लग पेट्रोलने भिजलेला असल्यास कॉक बंद करावा, चोक काढावा व प्लगविना दोरी आठ-दहा वेळा ओढून सिलिंडर कोरडा करावा.

दुसरी पायरी : ठिणगी

प्लग साफ करून त्याच्या दोन टोकांतील अंतर साधारणतः ०.६ ते ०.७ मिमी ठेवावे. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला टेकवावा. हे करताना प्लग सिलिंडरच्या छिद्रापासून व टाकीपासून दूर धरावा. दोरी ओढताच निळसर ठिणगी दिसली पाहिजे. ती न दिसल्यास नवा प्लग लावून पाहावा. तरीही ठिणगी नसल्यास बंद करण्याच्या स्विचकडे जाणारी तार सोडवावी. तार सोडताच ठिणगी आली, तर दोष कॉइलचा नसून स्विचचा अथवा तारेचा आहे. या एका चाचणीने कॉइलचा नाहक खर्च टळतो. चाचणी झाल्यावर तार पुन्हा जोडण्यास विसरू नये.

ठिणगी चांगली, पेट्रोलही येते, तरी इंजिन नुसते फटफटत असेल तर मॅग्नेटच्या चाकाची चावी पाहावी. ती कापली गेल्यास चाक सरकते व ठिणगी अवेळी पडते.

तिसरी पायरी : दाब

प्लगच्या छिद्रावर अंगठा दाबून दोरी ओढावी. अंगठा जोराने उचलला गेला पाहिजे. दाबमापक उपलब्ध असल्यास ६ किलोपेक्षा कमी दाब संशयास्पद मानावा. दाब कमी वाटल्यास सिलिंडरमध्ये ऑइलचे चार-पाच थेंब टाकून पुन्हा पाहावे. दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. वाढला नाही तर सिलिंडरच्या गॅस्केटमधून गळती होत असण्याचा संभव आहे.

यानंतर सायलेन्सर काढावा. तो व धुराचा मार्ग काजळीने भरलेला असणे हे इंजिन सुरू न होण्याचे नेहमीचे कारण आहे. पिस्टनने मार्ग बंद करून लाकडी पट्टीने काजळी खरवडावी. याच छिद्रातून पिस्टनची बाजू डोळ्यांनी पाहता येते. ती गुळगुळीत असल्यास सिलिंडर उघडण्याची सहसा गरज नसते. उभे ओरखडे दिसल्यास मात्र पुनर्जोडणी आवश्यक आहे.

पुनर्जोडणी

सिलिंडर सरळ वर ओढून काढावा व क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके बसवावे. प्रथम पिस्टन निरखून पाहावा, कारण बिघाडाची हकीकत त्यावरच उमटलेली असते. धुराच्या बाजूला ओरखडे असल्यास ऑइल कमी पडले किंवा मिश्रणात हवा जास्त झाली, असे समजावे. कार्बोरेटरच्या बाजूला पिस्टन घासून निस्तेज झाला असल्यास एअर फिल्टरमधून माती आत गेली आहे.

समजा, अंबड तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या पंपाचा पिस्टन धुराच्या बाजूने ओरबाडला आहे आणि पेट्रोलमध्ये ऑइल तर नियमित घातले जात होते. तेव्हा क्रँकचे ऑइल सील व कार्बोरेटरची गॅस्केट तपासावी. सील फाटले की तेथून जादा हवा आत येते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापून चिकटतो. सील न बदलता पिस्टन बदलला, तर नवा पिस्टनही तसाच जाईल.

कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहावा. त्या दिशेने ढिलाई असल्यास खालचे बेअरिंग गेले आहे. बाजूला होणारी किंचित हालचाल स्वाभाविक आहे. लोखंडी सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसविता येतो. आतून क्रोम किंवा तत्सम मुलामा असलेला सिलिंडर मात्र बोअर करू नये.

जोडताना पिस्टनवरील बाण धुराच्या मार्गाकडे ठेवावा. रिंगांची तोंडे खाचेतील बारीक पिनेवर आणावीत. तसे न केल्यास रिंग मोडते. गजन पिनची लॉक व सर्व गॅस्केट नवीन घ्यावीत. पिस्टन व सिलिंडरला टू-स्ट्रोक ऑइलचा हात लावावा, रिंगा बोटांनी दाबून सिलिंडर सरळ उतरवावा आणि बोल्ट आळीपाळीने समोरासमोर आवळावेत. पहिल्या एक-दोन टाक्या इंजिन पूर्ण वेगाने चालवू नये.

पुढील काळजी

ऑइलचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. १ लिटर पेट्रोलला २५ : १ या प्रमाणात ४० मिली, तर ५० : १ या प्रमाणात २० मिली ऑइल लागते. अंदाजाने ओतू नये, मापाने घालावे. स्पंजचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवावा व ऑइलचा हलका हात देऊन बसवावा. हंगाम संपताच टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटरही कोरडा करावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगाच्या आसपास एक दिवस ठरवून गावातील सर्व पंप एकत्र आणावेत व वरील तीन पायऱ्यांनी तपासून घ्यावेत. ज्या पंपांची पुनर्जोडणी आवश्यक दिसेल, ते त्याच आठवड्यात कुशल मेकॅनिककडे पाठवावेत आणि पिस्टनवर आढळलेले कारण चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे. जूनमध्ये यासाठी दिलेला एक दिवस ऑगस्टमध्ये उघडिपीचे दोन दिवस वाचवितो.