पुढारी गेल्यावर : शरणपूरच्या तरुणांपासून एक धडा

शास्त्रपाठ : यहोशवा १:१–१८, २०:१–९, २४:३२
पाठांतराचे वचन : यहोशवा १:९



नाशिक शहरात शरणपूर रोड या नावाचा एक रस्ता आहे. खेड्यापाड्यांतून दवाखान्यास, कचेरीस किंवा बाजारास येणारे आमचे कित्येक वाचक त्या रस्त्याने गेले असतील. आज त्याच्या दोन्ही बाजूंस दुकाने व इमारती दाटल्या आहेत. हे नाव आले कोठून, असा प्रश्न जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच मनात येत असेल. शरण आलेल्यांचे पूर, असा त्याचा सरळ अर्थ आहे. ज्यांनी यहोशवाच्या पुस्तकाचा विसावा अध्याय वाचला आहे, त्यांस शास्त्रातील शरणपुरांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. जिवाच्या भीतीने पळत आलेल्या मनुष्यास तेथे आसरा मिळावा, आणि तो केवळ इस्राएलासच नव्हे, तर त्यांच्यामध्ये राहणाऱ्या परक्यासही मिळावा, अशी देवाची आज्ञा होती.

१८५० नंतरच्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसविली. रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस हे तिचे चालक होते. या वस्तीत, आपल्या लोकांबरोबरच, फार दूरच्या देशाची मुले आली. ती आफ्रिकेची होती. पूर्व आफ्रिकेत त्या काळी गुलामांचा व्यापार चाले. गावांवर धाड घालून मुलांस धरून नेत, किनाऱ्यावर विकत व गलबतांत भरून समुद्रापार पाठवीत. इंग्रजी आरमाराने अशी काही गलबते समुद्रात पकडली व त्यांतील मुलांस सोडवून मुंबईस उतरविले. त्यांपैकी कित्येक मुले शरणपुरास आली. तेथे त्यांस लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम इत्यादी शिकवीत.

त्या मुलांच्या मनाची कल्पना आपण करून पाहू या. आईबाप गेले, भाषा गेली, गाव कोठे राहिले हेही ठाऊक नाही. नाव देखील बदलले. ज्यांस आपण मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून ओळखतो, त्यांचे मूळ नाव चेंगविंबे असे होते. ज्यांनी सोडविले तेही परके आणि जेथे आणले तो देशही परका! बदल म्हणजे काय हे या मुलांइतके थोड्यांसच कळले असेल. म्हणून आजच्या धड्यासाठी आम्ही त्यांची कथा निवडली आहे.

१. धैर्य धर असे देवाने कोणास सांगितले?

यहोशवाचे पुस्तक एका मृत्यूने सुरू होते. मोशे गेला. चाळीस वर्षे ज्याच्या मागून लोक चालले तो पुढारी नाही, समोर यार्देन नदी आहे, आणि पलीकडे तटबंदीची नगरे आहेत. अशा वेळी देव यहोशवाला खंबीर व हिंमतवान होण्यास सांगतो. सहाव्या, सातव्या आणि नवव्या ओवीत, असे तीन वेळा सांगतो.

एकच गोष्ट तीन वेळा कोणास सांगावी लागते? जो भ्याला आहे त्यास. यहोशवा निर्भय असता तर हे शब्द व्यर्थ होते. आपल्या मंडळ्यांत पुष्कळांची अशी समजूत आहे की, भीती वाटली म्हणजे विश्वास उणा पडला. मग घाबरलेला मनुष्य आपली भीती लपवितो, प्रार्थनेतही बोलत नाही आणि एकटा पडतो. देवाने यहोशवास भीतीबद्दल दोष दिला नाही. मी तुझ्याबरोबर आहे, असे वचन त्याने दिले, आणि चालू लागण्यास सांगितले.

२. चितांबोच्या गावी

आता शरणपूरच्या तरुणांकडे वळू. डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रसिद्ध प्रवासी मिशनऱ्याने १८६६ साली आपल्या शेवटच्या आफ्रिकेच्या प्रवासात नाशिकच्या शाळेतले नऊ तरुण बरोबर नेले. ते सर्व टिकले नाहीत, हे आम्ही लपवीत नाही. कित्येकांनी वाटेतच त्यांस सोडले आणि लिव्हिंग्स्टन यांनी त्यांच्याविषयी आपल्या रोजनिशीत कठोर शब्द लिहिले. मिशनच्या शाळेत शिकल्याने कोणी आपोआप धीट होत नाही.

पुढे १८७२ साली आणखी सहा नाशिककर तरुण त्यांस जाऊन मिळाले. जेकब व जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर आणि बेंजामिन व रिचर्ड रटन ही त्यांची नावे. पुरते एक वर्षही झाले नाही तोच, १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आज जो झांबिया देश म्हणून ओळखला जातो त्यातील चितांबो नामक सरदाराच्या गावी, एका गवताच्या झोपडीत बिछान्यापाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत लिव्हिंग्स्टन मृत झालेले आढळले.

पुढारी गेला. समुद्र हजार मैलांहून अधिक दूर होता. वाटेतले लोक प्रेतास फार भीत. प्रेत घेऊन जाणाऱ्यांवर दंड बसण्याचे, हल्ला होण्याचेही भय होते. प्रेत तेथेच पुरून मोकळे व्हावे आणि आपापला जीव वाचवावा, असे त्यांनी केले असते तर कोणी नावे ठेविली असती?

प्रथम तेही भ्याले. चितांबोस कळले तर तो काय करील, या भयाने त्यांनी मृत्यूची बातमी त्याच्यापासून लपविली. परंतु बातमी फुटली आणि चितांबो रागावण्याऐवजी दुःखाने आला. हे मला आधीच का सांगितले नाही, असे त्याने विचारले व आपल्या लोकांसह शोक केला. ज्याचे भय धरले तोच दयाळू निघाला. आमच्या कित्येक भयांचे असेच होते. ती खोटी नसतात, परंतु आपण ज्यांस भितो त्यांच्याही अंतःकरणात देव काम करीत असतो, हे आपण विसरतो.

३. पुढचे काम

मग त्यांनी काय केले? हजार मैलांचा विचार करीत ते बसले नाहीत. समोर जे काम होते ते हाती घेतले. लिव्हिंग्स्टन यांच्या सामानाची यादी करण्याचे काम लिहिता येणाऱ्या जेकबकडे आले. काळीज व आतडी काढून एका पेटीत घालून त्यांनी झाडाखाली पुरली, आणि त्या वेळी जेकबने प्रेतक्रियेची उपासना वाचली. त्याच झाडावर त्याने नाव व तारीख कोरली. देह मीठ घालून चौदा दिवस उन्हात वाळविला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला आणि तो काठीस बांधून ते निघाले.

शरणपुरात तो तरुण अक्षरे गिरवीत होता, तेव्हा हे शिक्षण अशा ठिकाणी उपयोगी पडेल असे कोणास वाटले होते? देव आपल्यास संकटाच्या दिवशी अगदी नवे सामर्थ्य देतोच असे नाही. पुष्कळ वेळा तो पूर्वी शिकविलेलेच हाती देतो. लहानपणी पाठ केलेले एक स्तोत्र, आईने शिकविलेली एक प्रार्थना, रोजच्या कामाची सवय, ही त्या दिवशीची शिदोरी असते. म्हणूनच यहोशवास नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करण्यास सांगितले (१:८). संकटाचा दिवस उगवल्यावर शिदोरी बांधण्यास वेळ नसतो.

४. धैर्य एकट्याचे नव्हे

ते साठांच्या सुमारास लोक होते. पुढारपण सुसी व चुमा या दोघांकडे होते. चुमाही गुलामगिरीतून सुटलेला. मुंबईस डॉक्टर जॉन विल्सन यांच्या हातून १८६५ साली त्याचा बाप्तिस्मा झाला होता. सुसी तेव्हा ख्रिस्ती झालेला नव्हता; त्याचा बाप्तिस्मा १८८६ साली झाला. हलीमा इत्यादी स्त्रियाही या वाटेने चालल्या. आरंभीच तांड्यात आजार पसरला. एके ठिकाणी गावकऱ्यांशी चकमकही झाली. ते निर्दोष साधू होते असे आम्ही म्हणत नाही. उन्यान्येंबे येथे इंग्रज अधिकारी कॅमेरन यांची गाठ पडली. देह येथेच पुरावा, पुढची वाट धोक्याची आहे, असा सल्ला त्यांनी दिला. सल्ला शहाणपणाचा होता. परंतु मृताच्या मायभूमीस त्याचा देह पोहोचविण्याचा त्यांचा निश्चय झाला होता आणि तो त्यांनी मोडला नाही. पुढे एका गावच्या लोकांनी प्रेतास वाट देण्याचे नाकारले, तेव्हा देह परत पाठविला असा देखावा करून त्यांनी तो कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधला व पुढे नेला.

इस्राएल लोकांनीही योसेफाच्या अस्थी मिसराहून आणून शखेमात पुरल्या (यहोशवा २४:३२). चाळीस वर्षे त्या अस्थी कोणी तरी वाहत होते. शास्त्रात त्यांची नावे नाहीत. येथेही खांदा देणाऱ्या पुष्कळांची नावे आपणांस ठाऊक नाहीत.

यहोशवा १:१८ पुनः वाचा. धैर्य धरण्याचा शब्द तेथे चौथ्यांदा येतो, आणि या वेळी तो देवाच्या मुखातून नव्हे, तर लोकांच्या मुखातून येतो. देवाचा शब्द मंडळीने उचलला आणि आपल्या भ्यालेल्या पुढाऱ्यास परत ऐकविला. मंडळी याचसाठी असते.

१८७४ च्या फेब्रुवारीत, सुमारे नऊ महिन्यांनी, ते बागामोयो बंदरास पोहोचले. तेथे देह जहाजावर चढला आणि वाहणाऱ्यांस मजुरी देऊन निरोप देण्यात आला. देहाबरोबर एकटा जेकब विलायतेस गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत हा शरणपूरचा विद्यार्थी होता. बाकीच्यांस असा मान मिळाला नाही. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासा येथे १९३५ पर्यंत जगले. जगाने मान दिला नाही म्हणून त्यांचे धैर्य उणे होत नाही.

५. ज्यास आसरा मिळाला त्याने आसरा द्यावा

शरणपूरची आफ्रिकी मुले येथेच राहिली नाहीत. प्राइससाहेब पुढे पूर्व आफ्रिकेस गेले व मोंबासाजवळ फ्रीयरटाऊन ही सुटलेल्या गुलामांची वस्ती स्थापन झाली. नाशिक व मुंबईचे पुष्कळ आफ्रिकी ख्रिस्ती लोक १८७५ च्या सुमारास तेथे जाऊन राहिले. पुनः सामान बांधणे, पुनः नवा देश! त्यांच्याही आधी शरणपुरात वाढलेले विल्यम जोन्स १८६४ साली रबई येथे गेले होते. पुढे ते दीक्षित पाळक झाले. धन्यांपासून पळून आलेले गुलाम रबईस येत, तेव्हा जोन्स यांनी त्यांस आसरा दिला. नाशिकचे शरणपूर अशा रीतीने समुद्रापार पोहोचले.

आम्हांस या कथेतून मुख्य गोष्ट दिसते ती ही : ज्यास एकदा खरा आसरा मिळाला आहे, तो भीत भीत का होईना, पुढे पाऊल टाकू शकतो. आपला आसरा एखादी वस्ती, एखादा पाळक किंवा एखादे मिशन नव्हे. ती येतात आणि जातात. इब्री लोकांस पत्रात (६:१८–१९) ज्या आशेस नांगर म्हटले आहे, ती ख्रिस्तामध्ये आहे आणि ती हलत नाही.

आज आपल्या खेड्यांतल्या मंडळ्यांतही भय आहे. कोठे अनेक वर्षांचे पाळक देवाघरी गेले आणि उपासना कोण चालवील हे ठरत नाही. कोठे निफाड-दिंडोरीकडे गारपिटीने द्राक्षबाग झोडपली आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे. कोठे मुलगी नोकरीसाठी पुण्यास निघाली आणि आईस झोप नाही. कोठे घरधनी गेला आणि आजवर घरचा व्यवहार कधी न पाहिलेल्या बाईस बँकेचा कागद वाचावयाचा आहे. त्यांस आम्ही असे म्हणत नाही की, भिऊ नका, सर्व ठीक होईल. सर्व ठीक होतेच असे नाही. शरणपूरच्या तरुणांबरोबर निघालेले सर्व लोक किनाऱ्यास पोहोचले नाहीत. आम्ही एवढेच म्हणतो की, देव बरोबर आहे, आजचे काम समोर आहे, आणि खांदा देण्यास भाऊबहिणी आहेत. त्या बाईबरोबर मंडळीतल्या कोणा लिहिता-वाचता येणाऱ्याने बँकेत जावे. यहोशवा १:१८ पाळण्याची ही एक रीत आहे.

विचारासाठी प्रश्न

१. यहोशवास तीन वेळा धीर का द्यावा लागला? यावरून भीतीविषयी काय शिकता येते?
२. चितांबोच्या बाबतीत त्या लोकांचे भय कसे खोटे ठरले? आपला असा काही अनुभव आहे काय?
३. आपल्या मंडळीत या आठवड्यात कोणाच्या ओझ्यास खांदा देणे अगत्याचे आहे? नाव ठरवा, आणि कोण जाणार तेही ठरवा.

प्रार्थना

हे प्रभू, तू आमचा आसरा आहेस. आमची भीती तुजपासून लपलेली नाही, म्हणून आम्हीही ती लपवीत नाही. जे पुढारी तू नेलेस त्यांजबद्दल तुझे आभार मानतो. जे काम त्यांनी मागे ठेविले त्यात आमचा हात घाल, आणि जो आमच्याहून अधिक भ्याला आहे त्याच्या बाजूस आम्हांस उभे कर. ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.