गोंदण : चिन्हाचे वार्धक्य आणि वाचकाची दृष्टी
(मुंबईच्या उपनगरांच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

शांता शेळके यांच्या १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कवितासंग्रहाचे नाव ‘गोंदण’ असे आहे. ‘मनावर गोंदले जाणे’ हा प्रयोगही मराठीत रूढ आहे. अशा प्रयोगांत गोंदणाचा एकच गुण सहसा गृहीत धरला जातो : ते पुसले जात नाही. प्रत्यक्ष गोंदण मात्र टिकते तसे बदलतेही. स्त्रीच्या वयाबरोबर म्हातारे होणारे हे चिन्ह आणि त्याकडे पाहणारी समाजाची दृष्टी यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. गोंदणाचा संकेत

कपाळावर किंवा हनुवटीवर ठिपके. हातांवर तुळस, विंचू, सूर्य-चंद्र किंवा लक्ष्मीची पावले. ही गोंदणाची परिचित रूपे होत. एकत्र बांधलेल्या सुया आणि काजळी एवढ्यावर हे काम होत असे. इतर दागिने मरणोत्तर उतरवले जातात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी लोकश्रद्धा आहे. या श्रद्धेमागे स्त्रीच्या मालकीचा प्रश्न दडलेला आहे. सोने गहाण पडते, मोडले जाते, चोरीस जाते. गोंदणाला यांपैकी कशाचेही भय नाही. वैधव्य आले की कुंकू पुसले जाई, बांगड्या फोडल्या जात, मंगळसूत्र निघे. कपाळावरचा गोंदलेला ठिपका मात्र रूढीलाही काढता आला नाही.

हातावर गोंदलेले पतीचे नाव हा याच संकेताचा वेगळा आविष्कार होय. उखाण्याखेरीज जे नाव ओठांवर आणावयाचे नाही, ते त्वचेवर जन्मभर वागवले जाई. तथापि या चिन्हाचे उदात्तीकरण करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. गोंदण पुष्कळदा लहान वयात, मुलीला न विचारता केले जाई. अलंकार आणि सक्ती यांची ही गुंफण मुळातलीच आहे.

२. चिन्हाचे वार्धक्य

गोंदणाचा रंग त्वचेच्या वरच्या थरात नव्हे, तर आतल्या थरात साठतो. तेथील भक्षक पेशी तो गिळून धरून ठेवतात. पेशी मेली की रंग सुटतो आणि तिच्या जागी आलेल्या नव्या पेशी तो पुन्हा उचलतात, असे फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून २०१८ मध्ये दाखविले. म्हणजे ज्याला आपण स्थिर चिन्ह म्हणतो ते वस्तुतः हस्तांतरणाने टिकलेले असते. काळाच्या ओघात रेषा पसरतात, त्वचा सैल पडते, काजळीचा काळा रंग निळसर-हिरवा भासू लागतो. तुळशीची पाने एकमेकांत मिसळतात. विंचवाची नांगी ओळखू येईनाशी होते. लोकसंकेतात मात्र चिन्हाचे मूल्य रेषेच्या रेखीवपणावर अवलंबून नव्हते. ते मरणापर्यंत सोबत करणारे असल्याने त्याने म्हातारे व्हावे, हे त्यात अभिप्रेतच होते.

३. उपनगरातील वाचन

वेसावे आणि गोराई येथील कोळीवाडे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील वारल्यांचे पाडे, घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत आणि वस्त्यांत घाटावरून, कोकणातून, तसेच १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेली कुटुंबे असे भिन्न समाज उपनगरांत शेजारी आले. चर्चगेट-बोरिवली मार्गावर १९९२ मध्ये खास स्त्रियांसाठी लोकलगाडी सुरू झाली. अशा गाडीत वरची कडी धरण्यासाठी हात उंचावला की मनगटावरचे गोंदण अनोळखी नजरांसमोर येते. गावात ज्या चिन्हाला ओळखीचे वाचक होते, त्याला येथे संकेत न जाणणारे वाचक मिळतात. मग त्याच ठिपक्यांचा अर्थ ‘खेडवळ’ असा लावला जातो. चिन्ह तेच राहते, वाचक बदलतो.

चिन्ह नाकारण्यामागे नेहमी न्यूनगंडच असतो, असे मात्र म्हणता येणार नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख पटवणारी वेशभूषा व दागिने टाकून देण्याचे आवाहन केले. त्या आवाहनाचा विषय गोंदण नव्हता. परंतु अंगावरची खूण जात सांगत असेल तर ती टाकणे हा आत्मसन्मान ठरतो, हे तत्त्व येथेही लागू पडते. लुगडे व दागिने टाकता येतात. गोंदण टाकता येत नाही. म्हणून उपनगरात वाढलेल्या मुलीच्या अंगावर गोंदण नसण्यात आईचा निर्णयही वाचता येतो.

पुढे टॅटूच्या रूपाने हीच कला शहरात परतली, तेव्हा ‘म्हातारपणी हे कसे दिसेल?’ असा प्रश्न तरुणींना विचारला जाऊ लागला. वरवर तो त्वचेविषयीचा असला तरी त्यात स्त्रीदेह पाहण्यासाठीच आहे, हे गृहीत धरलेले असते. जुन्या संकेतातील प्रश्न निराळा होता : शेवटी बरोबर काय राहील?

समारोप

गोंदणाच्या रूपकाचे विवेचन करताना केवळ ‘न पुसले जाणे’ हा धर्म घेतल्यास अर्थ अपुरा राहतो. सुटणे, पुन्हा धरले जाणे, पसरणे, पुसट होणे आणि तरीही उरणे, हे सारे त्या रूपकात सामावले पाहिजे. स्मृतीचा व्यवहारही असाच असतो. त्याचबरोबर ते चिन्ह कोणी, कोणाच्या अंगावर आणि कोणाच्या इच्छेने उमटवले, हा प्रश्नही अभ्यासकाने सोडता कामा नये. आजीच्या हातावरची विरलेली तुळस आणि नातीचा मोकळा हात ही दोन्ही एकाच परंपरेची पाने आहेत. ती एकत्र वाचली तरच गोंदणाचा अर्थ पूर्ण होतो.