ऐकू आलं नाही म्हणजे माल गेला असं नाही

खोक्यावर ब्लूटूथचा टॅग चिकटवायचा, गोदामात आधीच बसवलेल्या वायफायच्या ॲक्सेस पॉइंटनी (एपींनी) त्याची हाक टिपायची आणि माल कुठे आहे ते पडद्यावर बघायचं. भिवंडीच्या गोदामांत ही कल्पना आता चांगली रुळली आहे. मी अशा जोडण्या करून देतो. नीट बसवलेली यंत्रणा माणसांची रोजची शोधाशोध किती वाचवते, ते मी जवळून पाहिलंय. याच यंत्रणेच्या भरवशावर एका माणसावर चोरीचा आळ आलेलाही पाहिलाय. ज्या सेटिंग्जमुळे तो आळ आला, त्या मला आजही ठिकठिकाणी तशाच सापडतात, म्हणून हे सगळं तपशिलात सांगतो.

मानकोलीच्या बाजूचं एक मोठं गोदाम, तीन-चार कंपन्यांचा माल एकाच छताखाली. त्यात महागड्या सुट्या भागांचे खोके होते आणि प्रत्येकावर टॅग होता. एके सकाळी एक खोका जागेवर नव्हता. पडद्यावर त्याची शेवटची नोंद होती रात्रीची, ‘डॉक ३’, आणि त्याखाली ‘बाहेर गेला’. त्या रात्री डॉक ३ वर लोडिंगला असलेल्या माथाडी मामांना केबिनमध्ये बोलावण्यात आलं. मामा एकच सांगत होते, “साहेब, मी चढवलेला नग न नग चलानावर आहे. गाडी पोचली असेल, तिकडे मोजून घ्या.” चलान कोणी हातात घेतलं नाही, कारण पडद्यावर दार लिहिलेलं होतं आणि वेळही लिहिलेली होती.

मला बोलावलं ते नोंदी छापून द्यायला. छापण्याआधी मी जागेवर जाऊन बघायचा आग्रह धरला. खोका त्याच दिवशी गोदामातच सापडला. वरच्या रॅकवर, तेलाच्या डब्यांच्या दोन पॅलेटच्या मागे, ज्या गल्लीचा डॉक ३ शी काही संबंध नव्हता अशा गल्लीत. मामांची माफी मागितली गेली, पण ती केबिनमध्ये, दार लावून. आळ मात्र सगळ्या शिफ्टसमोर आला होता. हे मला आजही खटकतं.

आता हे घडलं कसं? टॅग ठरावीक वेळाने आपला नंबर हवेत सोडतो. ज्या एपींना तो ऐकू येतो, ते ऐकलेल्या संदेशाची ताकद सर्व्हरला कळवतात. ज्या एपीला सर्वांत जोरात ऐकू आला, त्याच्या जवळ खोका आहे असं सर्व्हर धरतो. बराच वेळ कोणालाच काही ऐकू आलं नाही, तर हिशेब ज्याने बसवला असेल त्याच्या मर्जीप्रमाणे ‘सापडत नाही’ किंवा ‘बाहेर गेला’ अशी नोंद पडते. म्हणजे खोका दारातून जाताना कोणी पाहिलेला नव्हता. डॉकजवळच्या एपीला तो ऐकू आला आणि मग शांतता झाली, एवढ्या दोनच गोष्टी सर्व्हरला माहीत होत्या. बाकी सगळा अंदाज होता.

मग खोका ठेवला त्या गल्लीवरच्या एपींना तो का ऐकू आला नाही? एका केबलमधून वीज आणि डेटा दोन्ही जातात, त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या स्विचपाशी याचं उत्तर मिळालं. गोदामाच्या त्या भागात जुना स्विच होता, ८०२.३एएफ प्रतीचा. त्याचा पोर्ट १५.४ वॅट देतो आणि केबलमधली घट धरून एपीच्या हातात १२.९५ वॅट पडतात. बसवलेल्या एपींना ८०२.३एटी हवं होतं, म्हणजे पोर्टवर ३० आणि एपीपाशी २५.५ वॅट. वीज कमी पडली की बरेच एपी बंद पडत नाहीत. ते वायफाय चालू ठेवतात आणि यूएसबी पोर्टसारख्या गोष्टी बंद करतात. इथे ब्लूटूथचा रिसीव्हर नेमका यूएसबीला लावलेला होता. कंट्रोलरवर सगळे एपी हिरवे दिसत होते, कारण वायफाय छान चालू होतं. हँडहेल्ड स्कॅनर चालत होते, तक्रार कोणाचीच नव्हती. ती सगळी बाजू ब्लूटूथच्या दृष्टीने बहिरी होती आणि कोणाला पत्ता नव्हता.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की हिरव्या दिव्यावर थांबू नका. प्रत्येक एपीला किती वीज मिळतेय आणि तो पूर्ण ताकदीने चालतोय की काटकसरीने, हे कंट्रोलरवर वेगळ्या रकान्यात दिसतं. तो रकाना उघडून बघा. ज्यांत ब्लूटूथ आतच बसवलेलं असतं, त्यांचंही कमी विजेवर काय बंद होतं ते डेटाशीटमध्ये वाचा. मग ब्लूटूथचा मोड बघा. बऱ्याच एपींचं ब्लूटूथ दोन कामं करू शकतं, स्वतः हाक मारणं आणि दुसऱ्याची हाक ऐकणं. नकाशावाल्या ॲपसाठी पहिलं लागतं, आपल्याला दुसरं हवं. हाक मारणारा मोड चालू ठेवून ‘ब्लूटूथ ऑन’ म्हणून सही केलेल्या जागा मी पाहिल्या आहेत.

दुसरं कारण हवेतलं होतं, आणि ते समजून घ्यायला थोडे आकडे लागतात. टॅग आपला नंबर जाहीर करतो तो तीनच चॅनेलवर: ३७, ३८ आणि ३९. त्यांच्या फ्रीक्वेन्सी २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. त्या मुद्दाम अशा निवडल्या आहेत की वायफायच्या १, ६ आणि ११ या चॅनेलच्या फटींत बसाव्यात. गोदामात शेजारपाजारच्या वायफायची गर्दी होती, म्हणून आधीच्या कंत्राटदाराने काही एपी चॅनेल १३ वर नेले होते. भारतात १३ वापरायला परवानगी आहे आणि ते रिकामं दिसतं, त्यामुळे वायफायच्या बाजूने विचार केला तर निर्णय शहाणपणाचा. पण चॅनेल १३ पसरतं २४६२ ते २४८२ पर्यंत, आणि २४८० त्याच्या पोटात येतं. एपीचा ब्लूटूथ रिसीव्हर एका वेळी एकच चॅनेल ऐकतो आणि तीनही चॅनेलवर आळीपाळीने फिरतो. त्यामुळे ऐकण्याचा साधारण तिसरा हिस्सा स्वतःच्याच वायफायच्या गोंगाटात जात होता. चॅनेल ३ लावलंत तर हीच गत ३८ ची होते.

२.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ सोडून कुठेही जाऊ नका आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. जे स्कॅनर आणि टॅब ५ गिगाहर्ट्झवर जाऊ शकतात, त्यांना तिकडे पाठवा, आणि मग काही एपींवर २.४ चं वायफाय बंदच करून टाका. ते एपी निवांत ऐकतील. जिथे जुन्या स्कॅनरसाठी २.४ लागतंच, तिथे वायफायची ताकद कमी करा, नेटवर्कच्या नावांची संख्या दोन-तीनवर आणा आणि स्कॅनर चालत असतील तर १ आणि २ एमबीपीएसचे जुने वेग बंद करा. प्रत्येक नावाची जाहिरात दर सेकंदाला साधारण दहा वेळा होत असते, आणि ती सगळ्यात मंद वेगाने झाली की हवा तिच्यातच भरून जाते.

तिसरी गोष्ट उंचीची. याबद्दल मी सगळ्यांशी भांडतो. छतालगत बसवलेला एपी वायफायसाठी ठीक असतो. पण खोका कुठल्या दारात आहे हे त्याला विचारू नका. साधा हिशेब करून बघा. एपी टॅगच्या वर १० मीटरवर आहे. बरोबर खालच्या टॅगचं अंतर १० मीटर. शेजारच्या दारात, ५ मीटर बाजूला असलेल्या टॅगचं अंतर साधारण ११.२ मीटर. मोकळ्या हवेत या फरकाने ताकदीत पडणारं अंतर जेमतेम १ डेसिबल. लोखंडी रॅक आणि पत्र्याच्या भिंती यांच्यावरून उलटून येणाऱ्या लहरींमुळे ताकद एका जागी ठेवलेल्या टॅगचीसुद्धा पाच-दहा डेसिबल खालीवर होते. म्हणजे दार ओळखण्याचा सगळा आधार त्या चढउतारात बुडून जातो. हाच एपी टॅगच्या २ मीटर वर आणला, तर बरोबर खालच्या आणि पाच मीटर बाजूच्या टॅगमध्ये साडेआठ डेसिबलचा फरक पडतो. त्यावर काही उभं करता येतं. दारांसाठी वेगळे एपी किंवा साधे ब्लूटूथ गेटवे घ्या, चौकटीशेजारी डोक्याच्या थोडं वर बसवा, फोर्कलिफ्टचा दांडा लागणार नाही अशा लोखंडी कडीत, आणि शक्य असेल तिथे एका बाजूलाच ऐकणारा अँटेना लावा. खर्च वाढतो. पण वर बसवलेल्या एपीवरून दाराचा नंबर छापणं म्हणजे गाडी बघितल्याशिवाय तिचा नंबर लिहून देणं आहे.

तेलाच्या डब्यांचंही सांगायला हवं. पत्रा लहरी अडवतो. पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं, म्हणून बाटलीबंद पाण्याची पॅलेट आणि माणसांचा घोळकाही टॅगचा आवाज खाऊन टाकतो. रिकाम्या गोदामात केलेली चाचणी भरलेल्या गोदामाबद्दल फारसं काही सांगत नाही. दिवाळीआधी रॅक गच्च भरले की चाचणी पुन्हा करा. एनआरएफ कनेक्टसारखं ॲप फोनवर घ्या, टॅग सर्वांत अडचणीच्या कोपऱ्यात ठेवा आणि एपीच्या खाली उभं राहून किती हाका पोचतात ते मोजा.

टॅग किती वेळाने हाक मारतो, हे बॅटरीच्या हिशेबावर सोडून दिलं जातं. बॅटरी महत्त्वाची आहेच. सीआर२०३२ ची गोळी साधारण २२० मिलिअँपिअर-तासांची असते आणि हजारो टॅगच्या गोळ्या बदलणं हे मोठंच काम आहे. पण ताशी १० किलोमीटरने जाणारी फोर्कलिफ्ट चार मीटरचा दाराचा पट्टा दीड सेकंदात ओलांडते. टॅग सेकंदाला एकदा बोलत असेल तर त्या पट्ट्यात एखाद-दुसरीच हाक निघते, आणि ती निघताना एपी नेमका दुसऱ्या चॅनेलवर असेल किंवा वायफाय पाठवत असेल तर तीही हुकते. हलल्यावर जलद आणि स्थिर असताना सावकाश बोलणारे टॅग मिळतात. आत हालचाल ओळखणारी चिप असते. तेच घ्या. हलताना सेकंदात तीन-चार हाका, स्थिर असताना दहा सेकंदांनी एक, अशी मांडणी मी सहसा करतो. मग सर्व्हरवरची ‘ऐकू येत नाही’ची मुदत स्थिर टॅगच्या हिशेबाने ठरवा. मानकोलीच्या गोदामात ती पाच मिनिटं ठेवली होती, आणि डब्यांमागे ठेवलेल्या खोक्याला गायब व्हायला तेवढी पुरली.

वेळेबद्दल थोडक्यात. काही एपी ऐकलेले संदेश साठवून एकदम पाठवतात. नोंदीतली वेळ ऐकल्याची आहे की पाठवल्याची, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. सगळ्या एपींची घड्याळं एकाच एनटीपी सर्व्हरवरून लावा. दोन एपींच्या घड्याळांत अर्ध्या मिनिटाचा फरक असला, तर खोका पडद्यावर भिंत ओलांडून पलीकडे जातो आणि परत येतो.

आणि गाळणी. एपीला ब्लूटूथवर जे जे ऐकू येतं, त्यात कामगारांचे फोन, कानातले इअरफोन, मनगटावरची घड्याळंही असतात. ते सर्व्हरवर जाऊ देऊ नका. आपल्या टॅगचा ओळखक्रमांक, उदाहरणार्थ आयबीकनमधला १६ बाइटचा यूयूआयडी, एपीवरच भरा आणि बाकी सगळं तिथेच टाकून द्या. टॅगच्या हार्डवेअर पत्त्यावर भिस्त ठेवू नका, अनेक उपकरणं तो ठरावीक वेळाने बदलतात. माणसांच्या फोनच्या नोंदी साठल्या की त्या उद्या कोण कुठे किती वेळ बसला यासाठी वापरल्या जातात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा प्रश्न तर येतोच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. माल शोधायला बसवलेली वस्तू माणसांवर रोखली जाऊ नये.

आयबीकनचा नंबर उघडा असतो, कोणीही तो नक्कल करून दुसऱ्या टॅगवरून सोडू शकतो. मौल्यवान मालासाठी नंबर सतत बदलणारे आणि सर्व्हरलाच ओळखता येतील असे टॅग घ्या, किंवा दारात बारकोड स्कॅन करण्याची सक्ती ठेवा.

त्या गोदामात आम्ही शेवटी बदलला तो सर्व्हरवरचा एक नियम. ‘बाहेर गेला’ ही नोंद शांततेवरून पडायची, ती बंद केली. आता ती पडण्यासाठी दोन गोष्टी लागतात: दाराच्या चौकटीवरच्या गेटवेला खोका ठरवलेल्या ताकदीपेक्षा जोरात ऐकू आलेला असला पाहिजे, आणि त्याच गाडीच्या चलानावर त्याचा बारकोड स्कॅन झालेला असला पाहिजे. यातलं एकच असेल तर पडद्यावर पिवळ्या रंगात ‘तपासा’ असं येतं आणि सोबत त्या भागातले किती एपी त्या वेळी खरोखर ऐकत होते तो आकडा येतो. आकडा शून्य असेल, तर पहिला फोन नेटवर्कवाल्याला जातो. लोडिंगवरच्या कोणालाही केबिनमध्ये बोलावण्याआधी गल्ली हाताने तपासायची, असं व्यवस्थापकांनी लेखी काढलं आहे, आणि तो कागद केबिनच्या दारावर बाहेरच्या बाजूने लावला आहे.